'बाबी यार': बदललेल्या आठ ओळींचं प्रकरण

19 सप्टेंबर 1961 रोजी मॉस्कोच्या 'लितेरातुर्नाया गाझेता' या सोव्हिएत लेखक संघाच्या वृत्तपत्रात 'बाबी यार' नावाची एक कविता छापून आली. कवी येवगेनी येवतुशेन्को, वय एकोणतीस, सायबेरियातल्या झिमा गावाकडचा, स्वतः ज्यू नसलेला. पंधरा महिन्यांनी हीच कविता संगीतकार दमित्री शोस्ताकोविचच्या तेराव्या सिंफनीत गायली गेली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत तिच्यातल्या आठ ओळी बदलल्या गेल्या.

कवितेचा जयजयकार जगभर झाला आणि त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला या प्रकरणात जास्त रस आहे तो त्या आठ ओळींत. सत्तेला नेमकं काय खुपतं हे तिच्या कात्रीवरून जितकं कळतं, तितकं तिच्या भाषणांवरून कळत नाही.

घळ

बाबी यार ही कीव्ह शहराच्या वायव्येची एक खोल, लांब घळ. जर्मन फौजा कीव्हमध्ये शिरल्या त्या 19 सप्टेंबर 1941 ला. (कविता छापून आली तीही बरोबर वीस वर्षांनी, त्याच तारखेला.) 24 तारखेपासून शहराच्या मुख्य रस्त्यावर, क्रेश्चातिकवर, एकामागून एक स्फोट होऊ लागले. माघार घेताना सोव्हिएत बाजूने पेरून ठेवलेले ते सुरुंग होते. जर्मनांनी खापर फोडलं ज्यूंवर.

28 तारखेला भिंतींवर नोटिसा लागल्या, रशियन, युक्रेनियन आणि जर्मन भाषेत. कीव्ह शहर आणि आसपासच्या सर्व ज्यूंनी सोमवारी, 29 सप्टेंबरला, सकाळी आठपर्यंत मेल्निकोवा रस्त्याच्या कोपऱ्यावर, कब्रस्तानांजवळ हजर व्हावं. सोबत कागदपत्रं, पैसे, किमती वस्तू, गरम कपडे आणावेत. जो येणार नाही आणि दुसरीकडे सापडेल त्याला गोळी घातली जाईल. जवळच मालगाड्यांचं स्टेशन होतं, त्यामुळे आपल्याला कुठेतरी हलवणार असाच बहुतेकांचा समज झाला. बरेचसे कर्ते पुरुष आघाडीवर होते. निघाले ते म्हातारे, बायका, मुलं, बोचकी बांधून.

29 आणि 30 सप्टेंबर या दोन दिवसांत 33,771 ज्यूंना त्या घळीत गोळ्या घालण्यात आल्या. हा आकडा मारेकऱ्यांच्या स्वतःच्या अहवालातला आहे. हे काम पॉल ब्लोबेलच्या हाताखालच्या झोंडरकमांडो 4-अ या पथकाने जर्मन पोलीस तुकड्यांच्या साथीने केलं आणि स्थानिक साहाय्यक पोलिसांनीही हातभार लावला. पुढची दोन वर्षं तिथे गोळ्या चालतच राहिल्या. रोमा (जिप्सी), सोव्हिएत युद्धकैदी, मनोरुग्ण, युक्रेनियन राष्ट्रवादी असे अनेक जण तिथे संपवले गेले. 1943 च्या उन्हाळ्याअखेर लाल सेना जवळ येऊ लागली तशी ब्लोबेलला पुरावा नष्ट करायला परत धाडण्यात आलं. बाजूच्या सिरेत्स छावणीतल्या कैद्यांकडून प्रेतं उकरून घेतली, जाळून घेतली. चितांखाली रचायला दगड आणले ते शेजारच्या ज्यू कब्रस्तानातले, थडग्यांवरचे.

कागदावरून पुसणं, मग चिखलाने पुसणं

युद्धानंतर सोव्हिएत राजवटीने हे हत्याकांड नाकारलं नाही. तिने मेलेल्यांचं नाव बदललं. 1944 च्या सरकारी चौकशी अहवालाच्या मसुद्यात ज्यू लोकसंख्येच्या सामूहिक हत्येचा स्पष्ट उल्लेख होता. छापील अहवालात त्या जागी हजारो 'शांतताप्रिय सोव्हिएत नागरिक' आले. हा शब्दप्रयोग पुढे जवळजवळ अर्धशतक टिकला.

कारणं अनेक होती. युद्ध सगळ्या देशाने मिळून लढलं, मेलेल्यांत भेद करायचा नाही, ही वरवरची. ज्यूंना ज्यू म्हणून मारलं हे मान्य केलं की मारायला मदत कुणी केली हा प्रश्न मागोमाग येतो, हे आतलं. आणि 1948 नंतर तर राजवटच उघडपणे ज्यूंवर उलटली होती: 'मुळं नसलेले विश्वनागरिक' म्हणून लेखक-समीक्षकांची हेटाळणी, 12 ऑगस्ट 1952 ला पेरेत्स मार्किश, लेइब क्वित्को, दाविद होफश्तेइन यांच्यासारख्या यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) कवींना देहदंड, 1953 च्या सुरुवातीला ज्यू डॉक्टरांवर रचलेला खोटा कट. मजा अशी की जिवंतपणी प्रत्येक ज्यूच्या पासपोर्टात, म्हणजे देशांतर्गत ओळखपत्रात, पाचव्या रकान्यात 'ज्यू' असं लिहिलेलं असे, आणि या रकान्यापायी अनेकांचे कॉलेजप्रवेश आणि नोकऱ्या अडत. ज्यूपण मिटे ते फक्त मेल्यावर.

1950 च्या दशकात कीव्हच्या नगर प्रशासनाने ही घळच बुजवायला घेतली. शेजारच्या वीटभट्ट्यांच्या कारखान्यांतून निघणारा पातळ चिखल नळांनी घळीत सोडायचा, वर बाग-मैदान करायचं, असा बेत. कीव्हचा लेखक व्हिक्तर नेक्रासोव याने 1959 मध्ये 'लितेरातुर्नाया गाझेता'तच विचारलं होतं की ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली. काम थांबलं नाही. 13 मार्च 1961 च्या सकाळी बांध फुटला आणि चिखलाचा लोंढा खालच्या कुरेनिव्का वस्तीवर आला. सरकारी आकडा 145 मृतांचा. खरा आकडा याच्या कितीतरी पट असल्याचं नंतरच्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. बातमी अर्थातच दाबली गेली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये येवतुशेन्को कीव्हला आला. त्याला घळीवर नेलं लेखक अनातोली कुझनेत्सोवने. कुझनेत्सोव कुरेनिव्कातच वाढलेला, 1941 मध्ये बारा वर्षांचा, घळीतल्या गोळीबाराचे आवाज घरातून ऐकलेला. येवतुशेन्कोने पुढे अनेकदा सांगितलं की त्याला तिथे एखादी खूण, निदान एक दगड तरी दिसेल असं वाटलं होतं. दिसल्या त्या कचरा ओतणाऱ्या ट्रक. कविता त्याने हॉटेलवर परतून लिहिली.

पहिली कविता ही नव्हती

एक गोष्ट नेहमी निसटते, म्हणून इथे थोडं थांबतो. बाबी यारवर येवतुशेन्कोच्या आधी कविता लिहिल्या गेल्या होत्या, आणि छापल्याही गेल्या होत्या. इल्या एरेनबर्ग हा कीव्हचाच ज्यू. त्याची या घळीवरची कविता 1945 च्या सुरुवातीला 'नोवी मिर' मासिकात आली. लेव ओझेरोव हाही कीव्हचाच ज्यू, 1914 चा जन्म. त्याची 'बाबी यार' ही दीर्घ कविता 1946 मध्ये 'ओक्त्याब्र' मासिकात आली. ओझेरोव सुरुवातीलाच म्हणतो की मी तुझ्यापाशी आलो आहे, आणि दुःखाला वय असेल तर मी कल्पनेपलीकडे म्हातारा आहे. येवतुशेन्कोची कविता चौथ्या-पाचव्या ओळीत म्हणते की आज माझं वय ज्यू समाजाच्या वयाइतकं आहे. नातं उघड आहे.

मग ओझेरोवची कविता इतिहासात का गाजली नाही? माझ्या मते कविता म्हणून ती सरस आहे. ती घळीतल्या माणसांना चेहरे देते, घाई करत नाही, व्यासपीठावर उभी राहत नाही. पण ती एका ज्यूने आपल्या माणसांसाठी केलेला विलाप होती आणि 1946 नंतर असा विलापच संशयास्पद ठरला. 1961 मध्ये एका रशियनाने रशियनांना उद्देशून तेच म्हटलं, तेव्हा गहजब झाला. मराठीत दलित साहित्याच्या निमित्ताने सहानुभूती की स्वानुभूती हा वाद आपण पुष्कळ घातला आहे. त्या वादात बसवायला हे प्रकरण अवघड आहे. स्वानुभूतीची कविता कपाटात गेली, सहानुभूतीची चव्हाट्यावर आली. याचं श्रेय कवीच्या प्रतिभेइतकंच त्याच्या पासपोर्टातल्या पाचव्या रकान्याला द्यावं लागतं.

छापायची जोखीम संपादक वालेरी कोसोलापोवने घेतली. येवतुशेन्को सांगत असे की कविता वाचून कोसोलापोव म्हणाला, थांब, आधी बायकोला विचारतो, कारण यानंतर मला काढून टाकतील. 1962 मध्ये तो त्या पदावरून गेला. हाच कोसोलापोव 1970 मध्ये, आधीचा उदारमतवादी संपादक त्वार्दोव्स्की याला जायला भाग पाडल्यावर, 'नोवी मिर'च्या संपादकाच्या खुर्चीत बसला आणि तिथे मात्र उदारमतवाद्यांच्या शिव्या खाल्ल्या. माणसं एका प्रसंगावरून तोलू नयेत ती अशी.

कविता काय करते

पहिल्याच ओळीत ती सांगते की बाबी यारवर स्मारक नाही. उभा कडा हाच ओबडधोबड थडग्याचा दगड. मग 'मी' बदलत जातो. मी प्राचीन इजिप्तमधून चाललेला ज्यू, मी क्रुसावर चढवलेला आणि अजून खिळ्यांचे व्रण बाळगणारा. मी कॅप्टन ड्रेफस, फ्रान्समध्ये देशद्रोहाच्या खोट्या आरोपात अडकवलेला ज्यू अधिकारी, ज्याच्या तोंडावर लेसवाल्या बायका छत्र्या टोचतात. मी ब्यालिस्तोकचा पोरगा: दारू आणि कांद्याचा वास मारणारे गुंड घरात घुसलेत, 'ज्यूंना हाणा, रशिया वाचवा' असं ओरडत दाणेबाजारातला दुकानदार माझ्या आईला बडवतो आहे. ब्यालिस्तोकची दंगल 1906 ची, झारच्या साम्राज्यातली. तेव्हा ही घोषणा रशियन वाचकाला परकी नव्हती आणि कवीला तेच दाखवायचं होतं.

यानंतर अ‍ॅन फ्रँक येते. तिची डायरी रशियन भाषेत आली ती 1960 मध्ये, एरेनबर्गच्या प्रस्तावनेसह, म्हणजे कवितेच्या जेमतेम वर्षभर आधी. हा भाग मला सगळ्यात आवडतो. अंधाऱ्या खोलीत दोघं आहेत. पानं नाहीत, आभाळ नाही, एकमेकांना मिठी मारता येते एवढंच. कुणीतरी येतंय? घाबरू नकोस, वसंताची चाहूल आहे. दार तोडताहेत? छे, नदीवरचा बर्फ फुटतोय. 1961 च्या मॉस्कोत या ओळी वाचणाऱ्याला दोन गोष्टी एकदम आठवणार. बर्फ वितळण्याचा काळ म्हणजे स्तालिननंतरची सैल पडलेली वर्षं, आणि रात्री दारावर पडणारी थाप म्हणजे त्याआधीची. कवी अ‍ॅम्स्टरडॅमबद्दल बोलतो आणि ऐकणाऱ्याला स्वतःचा जिना ऐकू येतो.

शेवट मात्र मला खटकतो. माझ्या रक्तात ज्यू रक्त नाही, पण ज्यूद्वेष्टे मला ज्यू समजून द्वेष करतात आणि म्हणूनच मी खरा रशियन आहे, असं तो म्हणतो. 33,771 ज्यूंच्या घळीवर उभं राहून अखेर निष्कर्ष निघाला तो रशियनपणाचा. डावपेच म्हणून हे बिनतोड होतं, कारण ज्यूद्वेष्ट्यांचं मुख्य हत्यारच 'खरा रशियन' हे होतं. विलाप म्हणून ते तोकडं आहे. आणखी एक मौन आहे: कवितेत ब्यालिस्तोकचे गुंड आहेत, फ्रान्सच्या बायका आहेत, पण 1941 च्या कीव्हमध्ये ज्यू शेजाऱ्यांची घरं दाखवून देणारा कुणी नाही.

हल्ला लगेच सुरू झाला. पाच दिवसांत 'लितेरातुरा इ झिझन्' या पत्रात अलेक्सेई मार्कोवने पद्यातच उत्तर दिलं: स्वतःच्या लोकांना विसरणारा तू कसला खरा रशियन. पाठोपाठ त्याच पत्रात समीक्षक दमित्री स्तारिकोवने लेख लिहिला आणि येवतुशेन्कोला झोडपायला चक्क एरेनबर्गच्या जुन्या ओळी वापरल्या. एरेनबर्ग तेव्हा रोममध्ये होता. तिथून त्याने निषेधाचं पत्र पाठवलं आणि ऑक्टोबरमध्ये ते छापलं गेलं.

सिंफनी आणि कात्री

शोस्ताकोविचने 1962 च्या वसंतात कवितेला स्वर दिले, मग येवतुशेन्कोच्या आणखी चार कविता घेऊन उन्हाळ्यात पाच भागांची सिंफनी पुरी केली: एक बास गायक, पुरुषांचा कोरस आणि वाद्यवृंद. इथून माणसं गळायला लागली. कीव्हचा नामांकित बास गायक बोरिस ग्मिर्या याने युक्रेनच्या पक्षनेतृत्वाचा कानोसा घेऊन नकार कळवला. शोस्ताकोविचच्या अनेक सिंफनी पहिल्यांदा सादर करणारा कंडक्टर म्राविन्स्की बाजूला झाला. त्याच्या जागी किरील कोंद्राशिन उभा राहिला.

17 डिसेंबर 1962 ला सोव्हिएत सर्वोच्च नेता ख्रुश्चेव्हने कलावंत-लेखकांची सभा बोलावली. तिथे येवतुशेन्कोने 'बाबी यार'चा शेवट म्हणून दाखवला आणि ख्रुश्चेव्हने या कवितेला इथे जागा नाही असं सुनावलं. पहिला प्रयोग दुसऱ्याच दिवशी होता. 18 तारखेच्या सकाळी रंगीत तालमीला मुख्य गायक नेचिपाइलो आलाच नाही. बोल्शोय थिएटरला संध्याकाळी त्याची गरज पडली होती म्हणे. ग्रोमाद्स्की नावाच्या तरुण गायकाने भूमिका तयार ठेवली होती, त्याला शोधून आणलं. कोंद्राशिनने सांगून ठेवलं आहे की तालमीच्या मध्येच मंत्र्याचा फोन आला: पहिला भाग वगळून चालणार नाही का? तो नाही म्हणाला. प्रयोग झाला. कार्यक्रमपत्रिकेत गीतांचे शब्द छापलेले नव्हते. टाळ्या थांबेनात, आणि वृत्तपत्रांनी जवळजवळ काहीच छापलं नाही.

पुढचे प्रयोग हवे असतील तर शब्द बदला, असा निरोप आला. येवतुशेन्कोने आठ ओळी नव्या लिहून दिल्या, आणि फेब्रुवारी 1963 मध्ये त्या गायल्या गेल्या.

पहिल्या चार ओळींत मुळात 'मी ज्यू आहे, इजिप्तमधून चाललो आहे, क्रुसावर मरतो आहे' असं होतं. त्याजागी आलं: मी इथे जणू एका झऱ्यापाशी उभा आहे, बंधुभावावरची श्रद्धा देणाऱ्या. इथे रशियन आणि युक्रेनियन ज्यूंसोबत एकाच मातीत पडले आहेत. दुसऱ्या चार ओळींत मुळात होतं: हजारो पुरलेल्यांवरची मी एक अखंड मूक किंकाळी आहे, इथे गोळी घातलेला प्रत्येक म्हातारा मी, इथे गोळी घातलेलं प्रत्येक मूल मी. त्याजागी आलं: फॅसिझमची वाट अडवणाऱ्या रशियाच्या पराक्रमाचा मी विचार करतो.

आता काय ठेवलं ते बघा. ड्रेफस ठेवला. ब्यालिस्तोकचे गुंड आणि त्यांची घोषणा ठेवली. अ‍ॅन फ्रँक ठेवली. 'शेवटचा ज्यूद्वेष्टा पुरला जाईल तेव्हा' ही ओळसुद्धा ठेवली. ड्रेफस पॅरिसचा, ब्यालिस्तोक झारच्या काळातलं, अ‍ॅन अ‍ॅम्स्टरडॅमची. यांचा निषेध सोव्हिएत राजवटीला परवडत होता. संपूर्ण कवितेत 'इथे गोळी घातलेला' हे शब्द फक्त एका ठिकाणी होते आणि कात्री बरोबर तिथे चालली. ज्यूद्वेषावर बोला, पण या घळीबद्दल नको, असा त्याचा अर्थ.

आणि बदललेल्या ओळी खोट्या नव्हत्या, हे या प्रकरणातलं सगळ्यात अवघड वळण. बाबी यारमध्ये रशियन मारले गेले, युक्रेनियनही मारले गेले. लाल सेनेने फॅसिझमची वाट अडवली हेही खरंच, आणि त्याची किंमत प्रचंड होती. पण 28 सप्टेंबरच्या नोटिशीत कुणा रशियनाला, युक्रेनियनाला कोपऱ्यावर बोलावलेलं नव्हतं. एक सत्य दुसऱ्या सत्यावर पांघरूण म्हणून घातलं गेलं. नुसत्या खोट्याला खोडून काढता येतं. इथे खोडायला गेलात तर मेलेल्या युद्धकैद्यांचा अपमान करता, असं म्हणायला माणसं तयार असतात.

येवतुशेन्कोवर या तडजोडीबद्दल पुष्कळ टीका झाली. सिंफनी वाचवण्यासाठी केलं, हा त्याचा बचाव होता. तो मला अर्धाच पटतो, पण ही तडजोड न करता सिंफनी तेव्हा पुढे वाजलीच नसती हेही दिसतं. 8 मार्च 1963 च्या भाषणात ख्रुश्चेव्हने त्याला राजकीय अपरिपक्व ठरवलं आणि आपल्याकडे ज्यू प्रश्न नाहीच असं जाहीर केलं. पुढची वीसेक वर्षं ही कविता सोव्हिएत देशात त्याच्या संग्रहांत आली नाही. लोकांकडे ती हाताने उतरवलेल्या प्रतींतून होती.

नंतर

29 सप्टेंबर 1966 ला, पंचविसाव्या वर्षी, घळीपाशी परवानगीशिवाय माणसं जमली. नेक्रासोव बोलला. युक्रेनियन समीक्षक इवान जुबा बोलला, आणि त्याने युक्रेनियन म्हणून ज्यूंसमोर ज्यूद्वेषाची लाज मान्य केली. येवतुशेन्कोच्या कवितेत जे राहून गेलं होतं त्याची भरपाई मला या भाषणात दिसते. काही आठवड्यांत सरकारने तिथे 'स्मारक होणार' असा दगड बसवला. स्मारक झालं 1976 मध्ये, सोव्हिएत नागरिक आणि युद्धकैद्यांसाठी, ज्यू हा शब्द टाळून. कवितेच्या तंत्राने पाहायचं तर ते 1963 च्या पाठाचं ब्राँझमधलं रूप आहे. सात फांद्यांचा मेनोरा, म्हणजे ज्यूंचा धार्मिक दीपवृक्ष, तिथे उभा राहिला 29 सप्टेंबर 1991 ला, सोव्हिएत संघ मोडत असताना.

आता तिथे स्मारकांची गर्दी आहे: मुलांसाठी, रोमांसाठी, ठार मारलेल्या धर्मगुरूंसाठी. 2017 मध्ये ओलेना तेलिहा या युक्रेनियन राष्ट्रवादी कवयित्रीचा पुतळाही बसला. तिला जर्मनांनी 1942 मध्ये मारलं, आणि ती त्या काळात 'उक्राइन्स्के स्लोवो' या दैनिकाची साहित्य पुरवणी सांभाळत होती. त्याच दैनिकात ज्यूंविरुद्धचा विखारी मजकूर छापला जात होता. ती नाझींची बळी होती यात शंका नाही. पण तिच्या पुतळ्यावरच्या मजकुरातून तिच्या दैनिकाने काय छापलं हे कळत नाही, आणि त्यावरून कीव्हमध्ये आजही भांडणं होतात.